टुरिस्ट व्हिसावर वर्षानुवर्षं परदेशात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टुरिस्ट व्हिसा घेऊन एखाद्या देशात जायचं, तो देश आवडायचा, मग मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत तिथंच राहायचं. असं आयुष्य काढणारे हजारो लोक जगभर आहेत. कुणी निवृत्त, कुणी लॅपटॉपवर काम करणारे, कुणी तिथल्या माणसाच्या प्रेमात पडलेले. त्यांच्याकडून आणि तसं राहण्याचा विचार करणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. देशांची नावं आणि आकडे उदाहरणादाखल आहेत. एकाच देशाचा नियम पासपोर्टागणिक बदलतो, आणि व्हिसाचे नियम बदलायला एक परिपत्रक पुरतं. म्हणून तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याची वेबसाइट स्वतः उघडून बघा.

टुरिस्ट व्हिसावर खरंच वर्षानुवर्षं राहता येतं का?

काही देशांत येतं. फिलिपिन्स हे त्याचं ठळक उदाहरण. ज्यांना तिथे विनाव्हिसा प्रवेश मिळतो असे बहुतेक परदेशी नागरिक मुदतवाढ घेत घेत सलग ३६ महिने राहू शकतात. ज्यांना आधी व्हिसा काढावा लागतो, त्यांच्यासाठी ही मर्यादा २४ महिन्यांची आहे. ती संपली की देशाबाहेर पडायचं. परत आलात की मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू. असं करत दहा-पंधरा वर्षं काढलेली माणसं तिथे सर्रास भेटतात.

जॉर्जियाने अनेक देशांच्या नागरिकांना एका दमात वर्षभर विनाव्हिसा राहू दिलं आहे. नेपाळमध्ये टुरिस्ट व्हिसावर एका कॅलेंडर वर्षात जास्तीत जास्त १५० दिवस मिळतात, कोलंबियात ९० अधिक ९० असे १८०. युरोपातल्या शेंगेन देशांत, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या गटात, मात्र हा प्रकार जवळजवळ अशक्य आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

हे कायदेशीर आहे का?

मुदतवाढ रीतसर अर्ज करून, फी भरून, मुदत संपायच्या आत घेतली असेल तर त्या मुदतीपुरते तुम्ही पूर्ण कायदेशीर आहात. त्यात चोरटं काही नाही.

पण ‘मी आज कायदेशीर आहे’ आणि ‘मला इथे राहण्याचा हक्क आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टुरिस्ट म्हणून मिळालेली प्रत्येक मुदतवाढ ही त्या दिवसापुरती दिलेली मोकळीक असते. मागच्या वीस वेळा मिळाली म्हणून एकविसाव्या वेळी मिळेलच असं नाही, आणि नाकारली तर दाद मागायला बहुधा जागाही नसते. खालची जवळपास सगळी उत्तरं या एकाच मुद्द्याभोवती फिरतात.

माझ्या व्हिसावर एक तारीख आहे आणि शिक्क्यावर दुसरीच. खरी कोणती?

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, म्हणून थोडं सविस्तर.

व्हिसाच्या स्टिकरवर ‘या तारखेपर्यंत वैध’ असं छापलेलं असतं. त्या तारखेच्या आत तुम्ही त्या देशाच्या दारात पोहोचलं पाहिजे, एवढाच बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ. आत आल्यावर किती दिवस राहायचं ते ठरतं सीमेवर मारलेल्या शिक्क्याने. थायलंडचं बघा. एकदाच प्रवेश देणारा टुरिस्ट व्हिसा सहसा तीन महिने वापरता येतो, पण शिक्का मिळतो ६० दिवसांचा. तीन महिने वाचून निवांत बसलेला माणूस एकसष्टाव्या दिवशी बेकायदा ठरतो. उलटही घडतं. व्हिसावरची तारीख उलटून गेलेली असते, पण शिक्क्यावरचे दिवस बाकी असतात. तेव्हा घाबरायचं कारण नसतं.

म्हणून शिक्का मिळाल्यावर काउंटरवरून हलू नका. तिथेच उभं राहून तारीख वाचा. घाईत मारलेला शिक्का पुसट असतो, कधी महिना चुकलेला असतो, कधी तुमच्याकडे व्हिसा असूनही अधिकाऱ्याने विनाव्हिसा प्रवेशाचे कमी दिवस लिहिलेले असतात. ही दुरुस्ती तिथे दोन मिनिटांत होते. शहरात पोहोचल्यावर तिच्यासाठी दिवस मोडतो, आणि मुदत संपल्यावर लक्षात आलं तर चूक तुमचीच धरली जाते. शिक्क्याच्या पानाचा फोटो काढून ठेवा.

काही देशांनी शिक्के बंदच केले आहेत. तिथे मुदत ऑनलाइन तपासावी लागते. ती तपासून स्क्रीनशॉट जपून ठेवावा.

मुदतवाढ, बॉर्डर रन आणि व्हिसा रन यांत फरक काय?

मुदतवाढ देशात राहूनच, इमिग्रेशन कार्यालयात जाऊन घेतात. बॉर्डर रन म्हणजे जवळच्या सीमेवरून बाहेर पडायचं आणि त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत परत आत येऊन नवा शिक्का घ्यायचा. ब्युनोस आयरीसमधले परदेशी बोटीने नदी ओलांडून उरुग्वेतल्या कोलोनियाला जातात ते यासाठीच, जेवून संध्याकाळी परत. व्हिसा रन म्हणजे शेजारच्या देशातल्या वकिलातीत जाऊन नवा व्हिसा काढून येणं. थायलंडमध्ये राहणारे लोक त्यासाठी लाओसमधलं व्हिएंतियान आणि मलेशियातलं पेनांग गाठत आले आहेत.

तिघांत मुदतवाढ सगळ्यात सुरक्षित. ती नाकारली तरी तुम्ही देशातच असता आणि निघायला थोडे दिवस मिळतात. बॉर्डर रनमध्ये मात्र आधी तुम्ही स्वतःहून बाहेर पडता, मग परत घ्यायचं की नाही ते समोरचा अधिकारी ठरवतो. तुमचं घर, सामान, कधी कुत्रं-मांजर, सगळं आत राहिलेलं असतं.

दिवस कसे मोजायचे?

आलेला दिवस मोजायचा की नाही, हा पहिला गोंधळ. थायलंडमध्ये तो पहिला दिवस धरतात. रात्री ११.५० ला विमान उतरून शिक्का पडला, तरी एक दिवस गेला. आणि ३० दिवस म्हणजे एक महिना नव्हे. ३१ दिवसांच्या महिन्यात हा फरक दंडाच्या पावतीवर कळतो.

शेंगेनचा हिशोब याहून किचकट आहे. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, असा नियम. ‘कुठल्याही’ म्हणजे सहामाहीचे ठरलेले दोन कप्पे नाहीत. त्या देशांत असताना रोज मागे वळून शेवटचे १८० दिवस बघायचे आणि त्यातले आत काढलेले दिवस मोजायचे. येण्याचा आणि जाण्याचा दोन्ही दिवस धरतात. लीप वर्ष नसताना कुणी १ जानेवारीला आत आला आणि सलग राहिला, तर ३१ मार्चला त्याचे ९० दिवस भरतात. परत पाऊल ठेवता येतं ३० जूनला, एक दिवसही आधी नाही. आणि शेंगेनमधल्या एका देशातून दुसऱ्यात गेल्याने काहीही फरक पडत नाही, २९ देश मिळून एकच खातं आहे. आजारपण किंवा तसंच गंभीर कारण असल्याशिवाय मुदतवाढ मिळत नाही.

पूर्वी तिथे पुसट शिक्क्यांच्या भरवशावर काही जण निभावून नेत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या नव्या प्रवेश-निर्गमन प्रणालीत बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदला जातो, दिवस यंत्र मोजतं. तो रस्ता आता संपला असं समजा.

मुदतवाढीच्या काउंटरवर नेमकं काय होतं?

फारसं नाट्य नसतं. थायलंडमध्ये टीएम-७ नावाचा फॉर्म, एक फोटो, पासपोर्टच्या फोटोच्या पानाची आणि शिक्क्याच्या पानाची झेरॉक्स, प्रत्येक प्रतीवर सही आणि १,९०० बात (बात म्हणजे थाई चलन). टुरिस्टला ३० दिवस वाढवून मिळतात. घरमालकाने तुम्ही राहायला आल्याचं चोवीस तासांत कळवायचं असतं, त्याचा फॉर्म म्हणजे टीएम-३०. बऱ्याच कार्यालयांत तो नसेल तर अर्ज परत येतो. मालकाला ते करायचं नसतं, कारण त्याला भाड्याचं उत्पन्न कागदावर आणायचं नसतं. म्हणून घर घेतानाच हा विषय काढा, चावी हातात आल्यावर नाही.

फिलिपिन्समध्ये पहिली वाढ २९ दिवसांची असते, तिने एकूण ५९ दिवस होतात. त्यापुढे राहायचं तर परदेशी म्हणून नोंदणीचं ओळखपत्र, म्हणजे एसीआर आय-कार्ड घ्यावं लागतं. नंतर एकेक-दोन दोन महिने किंवा एकदम सहा महिनेही मागता येतात. सहा महिन्यांची वाढ फी जोडून पाहता फार स्वस्त पडते असं नाही, पण रांगा वाचतात.

सामान्य शहाणपणाच्या दोन गोष्टी. शेवटच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी नेमकी कुठलीतरी सुट्टी असते किंवा सर्व्हर झोपलेला असतो. आणि नीट कपडे घालून जा. चड्डी-बनियनवरच्या परदेशी पाहुण्यांना ताटकळत ठेवण्यात काही अधिकाऱ्यांना वेगळाच आनंद मिळतो. काही कार्यालयांत तर तशी पाटीच असते.

एजंटला पासपोर्ट देऊ का?

रांगेत उभं राहण्याचे पैसे घेणारा, अर्ज तुमच्या सहीने करणारा, अधिकृत पावती आणून देणारा एजंट ठीक आहे. इंडोनेशियासारख्या देशात तर काही व्हिसांसाठी हमीदार लागतो आणि ते काम एजंटच करतात.

‘तुम्ही घरीच थांबा, पासपोर्ट सीमेवर जाऊन येईल’ म्हणणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा. पासपोर्टवर बाहेर गेल्याचा आणि परत आल्याचा शिक्का पडतो, माणूस खुर्चीतून हललेला नसतो. शिक्का अस्सल असला तरी तो गुन्हा आहे, आणि बऱ्याचदा तो अस्सलही नसतो. वर्षभराने विमानतळावर पासपोर्ट मशीनमध्ये घातल्यावर तशी नोंदच नाही असं निघतं. एजंटचा फोन तोपर्यंत बंद झालेला असतो आणि शिक्का तुमच्या पासपोर्टात असतो.

मुदत उलटून गेली तर?

दोन-चार दिवस उलटले आणि तुम्ही स्वतःहून विमानतळावर गेलात, तर बहुतेक देशांत दंडावर भागतं. थायलंडमध्ये दिवसाला ५०० बात, जास्तीत जास्त २०,०००. इंडोनेशियात दिवसाला १० लाख रुपिया. तिथे ६० दिवस ओलांडले की दंडाचा प्रश्नच उरत नाही, थेट हद्दपारी आणि प्रवेशबंदी.

थायलंडचा तो २०,००० चा आकडा वाचून काही जण हिशोब घालतात की चाळीस दिवसांनंतर पुढचं सगळं फुकट. तसं नाही. ९० दिवसांहून जास्त राहून स्वतःहून हजर झालात तर एक वर्ष प्रवेशबंदी, वर्षाहून जास्त झालं तर तीन वर्षं, तीन वर्षांहून जास्त तर पाच, पाचाहून जास्त तर दहा. आणि पोलिसांनी पकडलं तर गणित वेगळं: वर्षाच्या आतली मुदत उलटली असली तरी पाच वर्षं, त्याहून जास्त असेल तर दहा. शिवाय तिकिटाचे पैसे हातात येईपर्यंत स्थानबद्धता केंद्रातला सरकारी पाहुणचार.

अमेरिकेत दंडाची पावती नाही. १८० दिवसांहून जास्त पण वर्षापेक्षा कमी बेकायदा राहून बाहेर पडलात तर तीन वर्षं परत येता येत नाही, वर्ष किंवा जास्त असेल तर दहा वर्षं. हा १९९६ चा कायदा आहे.

मुदत उलटली असेलच, तर लपून बसून प्रश्न सुटत नाही, बंदीची वर्षं वाढतात. तिकीट काढा आणि स्वतःहून निघा.

सगळी कागदपत्रं असूनही सीमेवर परत पाठवतात का?

हो. व्हिसा असो वा विनाव्हिसा प्रवेशाची सवलत, आत घेण्याचा शेवटचा निर्णय काउंटरमागच्या अधिकाऱ्याचा असतो. पासपोर्टभर एकाच देशाचे शिक्के दिसले की प्रश्न येतो: ‘तुम्ही इथे नक्की काय करता?’

ब्रिटनने हे नियमांत सरळ लिहून ठेवलं आहे. व्हिजिटर म्हणून येणाऱ्याने वारंवार किंवा पाठोपाठ भेटी देऊन ब्रिटनला आपलं मुख्य घर करता कामा नये. एका वेळी सहा महिने मिळतात म्हणजे दर वर्षी दोनदा सहा-सहा महिने मिळतात, असा अर्थ तिथे चालत नाही. मेक्सिकोत वर्षानुवर्षं जवळपास सगळ्यांना सरसकट १८० दिवस मिळायचे. तो लोकांना नियमच वाटू लागला. मग अधिकारी कुणाला ३०, कुणाला १० दिवस लिहून देऊ लागले, तेव्हा कळलं की १८० ही कमाल मर्यादा होती. तिथला टुरिस्ट परवाना देशात राहून वाढवताही येत नाही.

जवळ पुढचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि पैशांचा पुरावा ठेवा. पुढचं तिकीट खरं असावं, परत करता येणारं असलं तरी चालेल. ‘भाड्याने’ मिळणारी आरक्षणं दोन दिवसांत आपोआप रद्द होतात आणि विमान कंपनीच्या काउंटरवरचा माणूसही ती ओळखायला शिकला आहे. विचारलं तर खरं सांगा, थोडक्यात सांगा. अधिकाऱ्याशी नियमांवर वाद घालून कुणी आत गेल्याचं ऐकिवात नाही.

परदेशातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवर केलं तर चालतं का?

बहुतेक देशांच्या टुरिस्ट व्हिसावर ‘काम करता येणार नाही’ असं लिहिलेलं असतं, आणि ते लिहिलं गेलं तेव्हा काम म्हणजे तिथल्या दुकानात किंवा कारखान्यात केलेलं काम होतं. तुमचा पगार दुसऱ्या देशात, ग्राहक तिसऱ्या देशात आणि तुम्ही इथे कॅफेत, या प्रकाराला जुने कायदे उत्तर देत नाहीत. व्यवहारात ईमेल पाहणाऱ्याला कुणी पकडत नाही. पण स्थानिक ग्राहक घेणं, योगाचे वर्ग, फोटोग्राफी, मित्राच्या बारमध्ये ‘मदत’ हे सगळीकडे काम समजलं जातं, पैसे घेतले नाहीत तरीही. तक्रार बहुधा सरकारकडून सुरू होत नाही, शेजारच्या प्रतिस्पर्ध्याकडून सुरू होते.

टुरिस्ट आहे म्हणजे कर लागत नाही ना?

हा गैरसमज महागात पडतो. व्हिसाचं खातं वेगळं आणि कराचं वेगळं. कर खातं विचारतं, तुम्ही इथे किती दिवस राहिलात? बऱ्याच देशांत वर्षाला १८३ दिवसांच्या आसपासची रेषा आहे, थायलंडमध्ये १८० दिवस. ती ओलांडली की टुरिस्ट व्हिसावर असूनही तुम्ही तिथले करदाते निवासी होऊ शकता. थायलंडने १ जानेवारी २०२४ पासून अशा निवाशांनी देशात आणलेल्या परदेशी उत्पन्नावर कराची व्याख्या कडक केली, त्यानंतर अनेक जुन्या रहिवाशांनी पहिल्यांदा करसल्लागाराचा दरवाजा ठोठावला.

दुसरी बाजूही आहे. ‘मी कुठेच १८३ दिवस राहत नाही, म्हणून मी कुठलाच करदाता नाही’ हे ऐकायला छान वाटतं. पण मायदेश तुम्हाला सोडतोच असं नाही. अमेरिका तर आपल्या नागरिकांवर ते जगात कुठेही असले तरी कर लावते. दोन देशांनी हक्क सांगितला तर करारांनुसार क्रमाने बघतात: कायमचं घर कुठे, आर्थिक आणि कौटुंबिक गोतावळा कुठे, नेहमीचा वावर कुठे, आणि मग नागरिकत्व. बँकाही आता खातं उघडताना तुमचं कर-निवासस्थान विचारतात आणि ती माहिती सरकारांमध्ये फिरते.

बँक खातं, भाड्याचं घर, गाडी?

घर सहज मिळतं. बँक खातं शाखेवर अवलंबून: एक शाखा नाही म्हणते, रस्त्यापलीकडची उघडून देते. गाडीसाठी आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. १९४९ च्या रस्ते-वाहतूक करारानुसारचा परवाना वर्षभरच चालतो, आणि काही देश त्याहून आधीच स्थानिक परवाना मागतात. परवान्याशिवाय स्कूटर चालवणारे खूप दिसतात. अपघात झाला की विमा कंपनी पहिला कागद हाच मागते.

प्रवासी विमा पुरेल का?

सहसा नाही. प्रवासी विमा सलग ठरावीक दिवसांच्या सफरीसाठी असतो, त्यापुढे पॉलिसी चालू दिसली तरी दावा फेटाळला जाऊ शकतो. वर्षाची पॉलिसी असली तरी आत ‘एका प्रवासाला जास्तीत जास्त इतके दिवस’ असं बारीक अक्षरात असतं, तेवढं शोधून वाचा. काही पॉलिसी गंभीर आजारात फक्त मायदेशी नेऊन सोडतात, परदेशातले पुढचे उपचार त्यात नसतात. जास्त काळ राहणाऱ्याने परदेशस्थ लोकांसाठीचा आरोग्य विमा घ्यावा. वय वाढलं की तो महागतो आणि साठीनंतर नव्याने मिळणं अवघड जातं, म्हणून ‘पुढे बघू’ म्हणण्याचा हा विषय नाही.

मी पाच वर्षं राहिलो. आता कायम निवास मागता येईल का?

नाही. टुरिस्ट म्हणून काढलेली वर्षं सहसा कुठेच साठत नाहीत. कायम निवास आणि नागरिकत्वासाठी मोजली जातात ती निवास परवान्यावरची वर्षं. शेजारी नोकरीच्या व्हिसावर आलेला माणूस तुमच्यानंतर येऊन तुमच्याआधी कायमचा होतो, आणि तुम्ही दहा वर्षांनंतरही कागदावर काल उतरलेले पाहुणे असता.

इथल्याच व्यक्तीशी लग्न केलं, मूल झालं, तर?

लग्न टुरिस्ट व्हिसावर असतानाही बऱ्याच देशांत करता येतं, तुमच्या दूतावासाकडून अविवाहित असल्याचा दाखला लागतो. लग्नाने व्हिसा आपोआप बदलत नाही, जोडीदाराच्या आधारावर वेगळा अर्ज करावा लागतो. तो वेळेत करा. लग्न होऊनही वर्षानुवर्षं टुरिस्ट शिक्के गोळा करणारे लोक आहेत, आणि त्याचं कारण बहुधा आळस असतं.

मुलांचं नागरिकत्व भूगोलावर ठरतं. अमेरिका खंडातल्या बहुतेक देशांत, उदाहरणार्थ मेक्सिको, ब्राझील, अर्जेंटिनात, जन्मलेलं मूल जन्मानेच नागरिक होतं आणि त्यामुळे आईवडिलांना निवासाचा रस्ता खुला होतो. आशियात बहुतांश ठिकाणी नागरिकत्व आईवडिलांकडून येतं. दोघंही परदेशी असाल तर नवजात बाळाला पासपोर्ट आणि राहण्याची परवानगी दोन्ही काढावं लागतं, आणि त्यात उशीर झाला तर बाळाचाही ओव्हरस्टे, म्हणजे मुदत उलटून राहणं, होतो.

पासपोर्ट संपत आलाय. काय करू?

मुदतीत सहा महिन्यांहून कमी उरले की अनेक देश प्रवेश देत नाहीत, आणि मुदतवाढही पासपोर्टच्या तारखेपुढे देत नाहीत. दर महिन्या-दोन महिन्यांच्या शिक्क्यांनी पानंही लवकर भरतात. दूतावासातून नवा पासपोर्ट मिळाल्यावर काम संपत नाही. त्यात तुम्ही देशात कसे आलात याचा काहीच पुरावा नसतो. इमिग्रेशन कार्यालयात जाऊन जुन्यातला शिक्का नव्यात उतरवून घ्यावा लागतो. जुना पासपोर्ट टाकू नका.

नियम एका रात्रीत बदलले तर?

बदलतात. थायलंडने ऑगस्ट २०१४ मध्ये पाठोपाठच्या बॉर्डर रनवर मोठी मोहीम काढली. २०१६ च्या अखेरीस जमिनीवरच्या नाक्यांवरून विनाव्हिसा प्रवेश कॅलेंडर वर्षात दोनदाच, असा नियम आला. मग जुलै २०२४ मध्ये उलट दिशेने जात विनाव्हिसा मुदत ६० दिवसांवर नेली. व्हिएतनामने ऑगस्ट २०२३ मध्ये ई-व्हिसाची मुदत ३० वरून ९० दिवस केली. म्हणजे बदल नेहमी वाईटच असतो असं नाही, पण तुम्हाला विचारून होत नाही.

सगळ्यात मोठी परीक्षा २०२० मध्ये, कोविडमुळे सीमा बंद झाल्या तेव्हा झाली. देशात असलेल्यांची सोय झाली: थायलंडने अडकलेल्या परदेशींना २६ सप्टेंबर २०२० पर्यंत आपोआप माफी दिली, इतर अनेक देशांनीही तसंच केलं. पण बंदीच्या क्षणी जे बाहेर होते, कुणी व्हिसा रनला, कुणी आजारी आईला भेटायला, त्यांची गत वाईट झाली. दारं उघडताना आधी नागरिक, मग त्यांचे जोडीदार, कायम निवासी, वर्क परमिटवाले. टुरिस्ट सगळ्यात शेवटी. फिलिपिन्सने विनाव्हिसा येणाऱ्या टुरिस्टांना पुन्हा दार उघडलं ते १० फेब्रुवारी २०२२ ला, जवळजवळ दोन वर्षांनी. तिथे वर्षानुवर्षं घर करून राहिलेली माणसं तेवढा काळ बाहेरून भाडं भरत होती, काहींची नाती त्यात संपली. शिक्क्याच्या रंगावरून माणसांची रांग कशी लागते, ते तेव्हा दिसलं.

एवढं असूनही लोक योग्य तो व्हिसा का घेत नाहीत?

कारणं खरी आहेत. निवृत्तीच्या व्हिसाला वय आणि पैसा लागतो. थायलंडमध्ये ५० पूर्ण आणि तिथल्या बँकेत ८ लाख बात, किंवा महिना ६५,००० बात उत्पन्न. चाळिशीतल्या माणसाला तो दरवाजा बंद. नोकरीच्या व्हिसाला मालक लागतो. काहींना मायदेशातला कर, पोटगी किंवा कर्ज यांपासून दूर राहायचं असतं, तेही नाकारण्यात अर्थ नाही. आणि अनेकांनी कधी ठरवलेलंच नसतं. तीन महिन्यांसाठी आले, मुदतवाढ सोपी होती, आणि ते भिजत घोंगडं दहा वर्षं तसंच राहिलं.

आता मधला पर्याय वाढतो आहे. एस्टोनियाने २०२० मध्ये दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी खास व्हिसा सुरू केला, त्यानंतर बऱ्याच देशांनी तसे आणले. थायलंडचा जुलै २०२४ चा असाच डीटीव्ही नावाचा व्हिसा पाच वर्षांचा आहे, प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस, फी साधारण १०,००० बात आणि खात्यात ५ लाख बात दाखवावे लागतात. दर दोन महिन्यांच्या मुदतवाढी, झेरॉक्स, बसची तिकिटं आणि एजंट यांचा वर्षाचा खर्च एकदा कागदावर मांडून पाहा. माझ्या मते वर्षातले सहा महिने एकाच देशात जात असतील आणि वय-पैसा बसत असेल, तर टुरिस्ट व्हिसाला चिकटून राहण्यात काटकसर उरत नाही, फक्त सवय उरते.

कायमचं निघताना विमानतळावर आणखी काही लागतं का?

काही देशांत लागतं, आणि लोक नेमके इथे विमान चुकवतात. फिलिपिन्समध्ये टुरिस्ट म्हणून सहा महिने किंवा जास्त राहिलेल्याला देश सोडताना इमिग्रेशनचा निर्गमन दाखला, म्हणजे ईसीसी दाखवावा लागतो. तो निघण्याच्या किमान ७२ तास आधी काढायचा आणि महिनाभरच चालतो. त्यासाठी पासपोर्ट, फोटो, आतापर्यंतच्या मुदतवाढींच्या पावत्या लागतात. फार आधी काढू नका, फार उशिरा तर मुळीच नको, आणि पावत्यांची ती जाड फाइल चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.